उघडीप

अभिनंदन मगदूम सत्तावीस वर्षांनी बालवाडीत आला, तेव्हा विजयमालाबाई बिरनाळे फरशीवर मांडी घालून बसल्या होत्या. त्यांच्यापासून हातभर अंतरावर साडेतीन वर्षांची एक मुलगी मिसळलेले मूग आणि मसूर निवडत होती. अभिनंदन काही बोलणार, तोच बाईंनी हात वर करून त्याला दारातच थांबवलं. मुलीने दोन्ही वाट्या भरल्या, जरा वेळ पाहिल्या, पुन्हा ताटलीत ओतल्या आणि पुन्हा निवडायला घेतलं. असं चौथ्यांदा झाल्यावर बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि त्या उठल्या.

“ही काय आज लवकर आटपत नाही,” त्या हळूच म्हणाल्या. “तू सायझिंगवाल्या मगदूमांचा धाकटा ना? कान अजून तसेच आहेत.”

इचलकरंजीत, यंत्रमागांच्या खडखडाटात, विजयमालाबाईंची ती बालवाडी म्हणजे एकच लांब खोली होती. भिंतीलगत मुलांच्या कमरेएवढ्या उंचीचे खण. त्यांत चाळण्या, वाट्या, बरण्या, सुताच्या रिकाम्या कांड्या, बटणांची पाटी, पाण्याचे लहान तांबे. मुलाने यावं, हवं ते उचलावं, हवा तितका वेळ त्यात रमावं, झालं की जागेवर ठेवावं. बाईंचा नियम मोठ्या माणसांसाठी होता. मूल कामात असलं की त्याला हाक मारायची नाही. ‘शाबास’ म्हणायलासुद्धा मधे तोंड घालायचं नाही. शहरात बरेच लोक हसायचे. “तिथं शिकवत काहीच नाहीत,” असं म्हणून नाव काढून नेणारे पालक दर वर्षी निघायचे. बाई मात्र रोज वही लिहायच्या. कुठल्या मुलाने काय उचललं, किती वेळ, किती दिवस. अशा चौऱ्याण्णव वह्या झाल्या होत्या.

अभिनंदन त्या वह्यांसाठीच आला होता. तो पुण्याच्या एका संशोधन केंद्रात लहान मुलांच्या मेंदूवर काम करायचा.

“बाई, शंभरेक वर्षांपूर्वी काही शिक्षक तुमच्यासारखेच मुलांजवळ खाली बसले,” तो म्हणाला. “त्यांनी लिहून ठेवलं की मुलाला ठरावीक काळात ठरावीक गोष्टीची ओढ लागते, आणि तो काळ सरला की ओढही सरते. आम्हाला तेच आता मेंदूत दिसतंय. एकेका भागाला वळण लागायचा एकेक काळ असतो. त्या काळात पेशींचे एकमेकींशी भराभर जोड होतात आणि मोडतात. मग लगाम घालणाऱ्या पेशी तयार होतात, त्यांच्याभोवती बारीक जाळी धरते आणि तो भाग स्थिरावतो. आमच्या सायझिंगमध्ये सुताला खळ बसते ना, तसं. खळीआधी सूत मऊ, पिंजारलेलं, कसंही वळवा. खळ बसली की मागावरचा ताण सोसतं, पण वळण बदलत नाही.”

“मी कोष्टी गल्लीत वाढलेय. मला सूत नको शिकवू.”

अभिनंदन हसला. “खळ बसायलाच हवी. ती कधी बसते हे मात्र बाहेरून कळत नव्हतं. आता कळेल.”

त्याने पिशवीतून एक सुती टोपडं काढलं. तान्ह्या बाळाला घालतात तसंच, आतून मात्र मोहरीएवढे दिवे लावलेले. त्यांचा डोळ्यांना न दिसणारा प्रकाश कवटीतून आत जाऊन परत यायचा आणि मेंदूचा कुठला भाग किती रक्त ओढतोय, कुठल्या लयीत चाललाय, हे टिपायचा. मुलाला काहीच जाणवत नसे. ज्या काळात एखादा भाग वळणाला मोकळा असतो, त्याला अभिनंदनने ‘उघडीप’ हे नाव दिलं होतं. आई-बापांना समजेल असं नाव हवं होतं, असं तो म्हणाला.

आठ महिने सव्वीस मुलांनी दिवसातून तासभर टोपडी घातली. मग एका दुपारी अभिनंदनने बाईंच्या पुढ्यात दोन कागद ठेवले. एकावर टोपड्याने टिपलेल्या उघडिपी, दुसऱ्यावर बाईंच्या वहीतल्या नोंदी. ज्या आठवड्यात बाईंनी ‘आजपासून हिला ओतण्याची ओढ’ असं लिहिलं होतं, त्याच आठवड्यात त्या मुलीच्या मेंदूतला हाताच्या कामाचा भाग उघडला होता. सव्वीसपैकी तेवीस मुलांचं असं जुळलं.

“जी रेघ काढायला मला एवढं यंत्र लागलं, ती तुम्ही पेनाने काढत होता,” अभिनंदन म्हणाला.

विजयमालाबाईंना त्या दिवशी घरी जाताना आपण रस्त्यात एकट्याच हसतोय हे लक्षात आलं. एकतीस वर्षं त्या जे बोलत होत्या, त्याला आता पुरावा मिळाला होता. त्यांनी चौऱ्याण्णव वह्या तीन लोखंडी पेट्यांत भरून दिल्या. संमतीचा कागद अभिनंदन वाचून दाखवत होता. “राहू दे रे, घरचाच आहेस,” असं म्हणून त्यांनी सही केली.

त्याच वर्षी त्यांची मुलगी ऋजुता बाळंत झाली. मुलीचं नाव शाल्मली ठेवलं.

शाल्मली अडीच वर्षांची होईपर्यंत टोपडं राज्यभर गेलं होतं. ‘उघडीप अभियान’ सुरू झालं. प्रत्येक बालवाडीला टोपडी मिळाली, एक पडदा मिळाला. मुलाचा कुठला भाग आज उघडा आहे हे पडद्यावर दिसायचं आणि त्याप्रमाणे त्याला कुठल्या कोपऱ्यात न्यायचं ते यायचं. भाषा, मोजणी, हात, तोल, सूर, माणसं, असे सहा कोपरे. उघडीप वाया जाऊ द्यायची नाही, हे अभियानाचं वाक्य होतं.

पहिल्याच आठवड्यात तौफिक नावाचा चार वर्षांचा मुलगा तांब्यातून बाटलीत पाणी ओतत बसला होता. पडद्यावर खूण वाजली. तौफिकची भाषा उघडी होती. मदतनीस शेवंतामावशींनी नाइलाजाने त्याला उचलून भाषेच्या कोपऱ्यात नेलं. तो कळवळून रडला. दुसऱ्या दिवशीही रडला. तिसऱ्या आठवड्यात रडणं थांबलं. चौथ्या आठवड्यात खूण वाजली की तो अर्धा तांब्या तसाच ठेवून आपणहून उठायला लागला. त्याचं रडणं बाईंना बघवलं नव्हतं. हे उठणं त्याहून बघवेना.

त्यांनी अभियानाच्या निरीक्षक खवरे मॅडमना सांगितलं. त्या भल्या बाई होत्या, नीट ऐकून घेतलं.

“बाई, पण आम्ही तुमचंच ऐकतोय,” त्या म्हणाल्या. “मुलाला आतून जे हवंय तेच द्यायचं, हेच ना तुमचं म्हणणं? आता ते आतलं नेमकं दिसतंय. तुम्ही एकट्या सव्वीस मुलांकडे बघत होता, आता लाखो मुलांकडे बघितलं जातंय. आणि हे सगळं तुमच्याच वह्यांवरून उभं राहिलंय.”

शब्द सगळे विजयमालाबाईंचेच होते.

त्या रविवारी त्यांनी ऋजुताला फोन करून बोलावून घेतलं.

“शालूला अभियानाच्या यादीत घालू नकोस. माझ्याकडे नुसती बसू दे.”

“नुसती?” ऋजुताने पर्स खाली ठेवली. ती एका कपड्यांच्या कारखान्यात नमुने बनवायची आणि सुट्टीच्या दिवशीही तिच्या बोटांना खडूचे डाग असायचे. “आई, मी नुसती बसले होते तुझ्याकडे. तीन वर्षं. मला आकड्यांची ओढ कधी लागली, कधी गेली, तुला तरी आठवतंय? वहीत लिहिलं असशील फार तर. दहावीपर्यंत गणिताला रडले मी.”

“तू सगळा वेळ कात्री आणि कापड घेऊन बसायचीस.”

“आणि तू बसू दिलंस.”

“आज त्यावरच पोट आहे तुझं.”

“मला दुसरंही काही जमलं असतं! ते कळायची सोयच नव्हती तेव्हा. आता आहे. आणि तू म्हणतेस, नको वापरू. सगळ्यांची मुलं पुढे जातील आणि माझी मुलगी आजीच्या तत्त्वासाठी मागे राहील.” ऋजुताचा आवाज चिरला. “उद्या ती मला विचारेल ना, आई, तुला माहीत होतं तर का नाही केलंस?”

विजयमालाबाईंकडे सांगण्यासारखं होतं ते एवढंच की तौफिक ज्या पद्धतीने उठला ते त्यांना आवडलं नाही. मुलीच्या भीतीपुढे ते फारच थोडं वाटलं. शाल्मली यादीत गेली.

आणि खरं सांगायचं तर पहिली दोन वर्षं कुणालाही तक्रारीला जागा नव्हती. शाल्मली चौथ्या वर्षी वाचायला लागली. सूर ओळखायची, एका पायावर बाईंपेक्षा जास्त वेळ उभी राहायची, शंभरापासून उलटे आकडे म्हणायची. बाकीची मुलंही तशीच. पूर्वी नावं काढून नेणारे पालक रांग लावून उभे राहिले. लोक भेटायला यायचे आणि बाईंचा फोटो काढून न्यायचे.

शेवंतामावशींच्या ते आधी लक्षात आलं. एकदा मधल्या सुट्टीत त्या बाईंजवळ येऊन उभ्या राहिल्या.

“बाई, आवाज ऐकताय का?”

“कसला?”

“तेच की वो. आवाजच न्हाई. पोरं डबा खात्यात आन् बसत्यात. पयलं आमी वरडून वरडून थकायचो.”

बाईंनी ‘शिस्त लागली असेल’ असं काहीतरी म्हटलं आणि तो विषय मनातून घालवला. पण त्यानंतर महिन्याभरात, एका मंगळवारी सकाळी, अभियानाची यंत्रणा पन्नास मिनिटं बंद पडली. पडदा काळा झाला. बाईंना आधी बरंच वाटलं. त्यांनी मावशींना खूण केली, गप्प बसा, बघू या. दोघी भिंतीला टेकून बसल्या.

बावीस मुलं खोलीत होती. खण उघडे होते, सगळं सामान होतं. मुलं सतरंजीवर बसून काळ्या पडद्याकडे पाहत होती. पाच मिनिटं झाली, दहा झाली. एकाने जांभई दिली. एक मुलगी आपल्या फ्रॉकच्या काठाशी चाळा करत होती, तेवढीच काय ती हालचाल. कुणी भांडलं नाही, कुणी उठून खिडकीशी गेलं नाही. चाळण्या, वाट्या, बटणं, कुणी काहीही उचललं नाही. पस्तिसाव्या मिनिटाला शाल्मली उठली, तेव्हा बाईंना वाटलं, ही खणाकडे जाईल. ती सरळ त्यांच्यापाशी आली.

“आजी, आता काय करू?”

तिच्या मागोमाग बाकीची एकवीस मुलं बाईंकडे वळली. सगळी उत्तराची वाट पाहत होती.

विजयमालाबाईंनी त्याच दुपारी अभिनंदनला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “मी उद्या येतो.” तो आला तेव्हा त्याच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. बाई त्याच्याकडे बघताच समजल्या की आपण त्याला नवीन काही सांगितलेलं नाही.

“तुला कधीपासून माहीत होतं?”

“संशय वर्षभरापासून. खात्री सात महिन्यांपासून. मी वर कळवलंय बाई, तीनदा. आकडे इतके चांगले येतायत की कुणाला थांबायचं नाही.” तो खाली फरशीवर बसला. “गेल्या शतकात मांजराच्या पिल्लांवर एक प्रयोग झाला होता. दोन पिल्लं एकाच दांड्याला जोडलेली, दोन टोकांना. एक स्वतःच्या पायांनी गोल फिरायचं. दुसरं टोपलीत, पहिल्याच्या चालण्याने ओढलं जायचं. दोघांना दिसायचं अगदी सारखं. काही आठवड्यांनी चालणाऱ्या पिल्लाला समोर किती खोल आहे ते कळायचं, अंतर कळायचं. टोपलीतलं डोळे धड असून आंधळ्यासारखं वागायचं. ते पिल्लू पुढे मोकळं सोडल्यावर सावरलं. मला हा प्रयोग पाठ होता, बाई. मी तो विद्यार्थ्यांना शिकवतो.”

“मग?”

“मला वाटलं, उघडीप येते म्हणून मूल वस्तू उचलतं. तुमच्या वह्या आणि माझं टोपडं जुळत होतं, त्यामुळे आधी काय आणि नंतर काय हे मी तपासलंच नाही. उलटं होतं. मूल आपल्या मनाने उचलतं, चुकतं, पुन्हा करतं, आणि त्या करण्याने उघडीप वाढते, टिकते. तुमच्या खोलीत प्रत्येक मूल आपल्या मनाने उठत होतं, म्हणून ती गोष्ट मला दिसलीच नाही. सगळ्यांकडे असलेली गोष्ट कोण मोजतो? आम्ही सहा भाग मोजले. सातवा होता. काहीतरी सुरू करण्याचा. त्यालाही उघडीप असते आणि त्यावरही खळ बसते.”

“कधी?”

“साधारण पाच, सव्वापाच वर्षांपर्यंत.”

शाल्मली चार वर्षं दहा महिन्यांची होती. अभिनंदनने तिला टोपडं घातलं. तिने मान न हलवता घालून घेतलं. त्याने बराच वेळ रेघांकडे पाहिलं.

“थोडीशी उघडी आहे,” तो म्हणाला. “चार महिने धरा.”

“मग सांग काय करायचं. मी सोडते सगळं, हिच्यापाशी बसते. काय सांगायचं तिला?”

अभिनंदनने मान खाली घातली. “तेच तर आहे, बाई. सुरू कर असं सांगितलं की ते सुरू करणं तिचं राहत नाही. तिचं तिनेच उठायला हवं. बाहेरून कुणी काहीही केलं तरी ते सातव्या भागापर्यंत पोचत नाही.”

ऋजुता आधी बाईंवर चिडली, मग अभिनंदनवर, आणि मग तिने कारखान्यात चार महिन्यांची रजा टाकली. शाल्मलीला बालवाडीतून काढलं. बाईंच्या घरातली पुढची खोली रिकामी करून तिथे खण लावले, त्यांत सामान मांडलं. सकाळी नऊ ते बारा कुणी काही सांगायचं नाही, असं ठरलं.

शाल्मली खोलीच्या मधोमध बसायची आणि आजीच्या चेहऱ्याकडे बघायची. बाईंची नजर चुकून चाळणीकडे गेली तर ती उठून चाळणी आणायची. नजर दुसरीकडे वळली की चाळणी जागेवर जायची. बाई पाठ करून बसल्या तर ती त्यांच्या पाठीमागे येऊन बसायची. बाई आणि ऋजुता दोघी शेजारच्या खोलीत गेल्या आणि दाराच्या फटीतून पाहिलं, तर ती दाराकडे तोंड करून बसली होती. रडत नव्हती, कंटाळलेली दिसत नव्हती. बस थांब्यावर माणसं बसतात तशी बसली होती.

एकोणिसाव्या दिवशी ती उठली. खणापाशी गेली, बटणांची पाटी घेतली, खाली बसून लाल बटणं वेगळी करायला लागली. विजयमालाबाईंनी तोंडावर पदर धरला. त्यांना हुंदका आवरेना. बारा वाजेपर्यंत त्या हलल्या नाहीत. दुपारी पुण्याला फोन करायला त्या उठल्या, तेव्हा ऋजुता स्वयंपाकघराच्या दारात भिंतीला डोकं टेकून उभी होती.

“आई, फोन नको करू.”

“का गं?”

“मी सांगितलं तिला. सकाळी दात घासताना. म्हटलं, आज उठून काहीतरी घे, आजीला बरं वाटेल.” ऋजुता खालीच बसली. “मला ते बघवत नव्हतं. तिचं नुसतं बसणं बघवत नव्हतं गं.”

विजयमालाबाई मुलीजवळ बसल्या. रागवायला त्यांच्याकडे बळ नव्हतं, आणि कारणही नव्हतं. गेले अठरा दिवस रोज त्यांच्याही जिभेवर तेच वाक्य येत होतं.

चार महिन्यांनी अभिनंदन आला, त्याने टोपडं घातलं, काढलं, घडी घालून पिशवीत ठेवलं. जाताना बाईंच्या पाया पडायला वाकला आणि बराच वेळ उठला नाही. बाईंनी त्याला खांद्याला धरून उठवलं.

पुढच्या वर्षी अभियान बंद झालं. शाळांमधून तक्रारी येऊ लागल्या होत्या. मुलं सांगितलेलं सगळं अचूक करतात, पण कोऱ्या कागदापुढे तासभर बसून राहतात. मैदानावर सोडली की ओळीने उभी राहतात. एक समिती नेमली गेली, तिने वर्षभरात अहवाल दिला. टोपडी परत घेतली. विजयमालाबाईंच्या बालवाडीत तीन वर्षांची नवी मुलं आली, ज्यांनी टोपडं पाहिलंच नव्हतं. त्यांनी पहिल्याच दिवशी पाण्याचं पिंप पालथं केलं. शेवंतामावशी ओरडल्या आणि ओरडता ओरडता रडायला लागल्या. ज्यांची पाच वर्षं उलटली होती, त्यांच्याबद्दल अहवालात एक परिच्छेद होता. ही मुलं हुशार आहेत, निरोगी आहेत, त्यांना स्पष्ट सूचना द्याव्यात.

तो परिच्छेद ऋजुताने आईसमोर दोनदा वाचला.

“तू मला तेव्हा अडवलं का नाहीस?”

“अडवलं होतं.”

“जोरात नाही अडवलंस.”

“नाही,” विजयमालाबाई म्हणाल्या. “जोरात नाही अडवलं.”

ऋजुता त्यानंतर दीड महिना माहेरी आली नाही. मग एका शनिवारी आली, आईच्या हातात भाजीची पिशवी दिली आणि पूर्वीसारखी बोलायला लागली. त्या दोघींनी तो विषय पुन्हा काढला नाही.

शाल्मली सात वर्षांची झाली. शाळेत तिचा पहिला नंबर यायचा. शिक्षक तिच्यावर खूश होते. तिच्यासारखं सांगितलेलं ऐकणारं मूल वर्गात नव्हतं. कधीकधी रविवारी ऋजुताला कारखान्यात जावं लागे, तेव्हा ती मुलीला आजीकडे सोडायची.

अशाच श्रावणातल्या एका रविवारी विजयमालाबाईंनी मनाशी ठरवलं की आज काही सांगायचं नाही. खळ बसली आहे हे त्यांना माहीत होतं. तरीही एकतीस वर्षं ज्या बाईने नुसतं बसून मुलांची वाट पाहिली, तिला आणखी एका सकाळची वाट पाहता येणार नाही का, असं त्यांना वाटलं. त्या मागच्या दारात सूप घेऊन बसल्या. शाल्मली पायरीवर बसली, हात मांडीवर.

नऊचे दहा झाले. शेजारच्या घरातून कुकरच्या शिट्ट्या ऐकू आल्या. रात्रीच्या पावसाने परसातली फरशी ओली होती. फरशीच्या कडेने एक पैसा किडा निघाला. लालसर, चकचकीत, असंख्य पायांचा. हात लावला की गोल वेटोळं करून पडणारा. तो हळूहळू शाल्मलीच्या पायापाशी आला. शाल्मलीने खाली पाहिलं. विजयमालाबाईंनी सुपातून मान वर केली नाही, पण कडेने त्यांना दिसत होतं. शाल्मलीचा उजवा हात मांडीवरून उचलला गेला. तर्जनी जराशी पुढे झाली. किडा तिच्यापासून वीतभरही लांब नव्हता.

मग तिने आजीकडे पाहिलं.

विजयमालाबाईंनी झटकन डोळे मिटले. आपल्या चेहऱ्यावर काही दिसू नये म्हणून त्यांनी अंग ताठ धरलं, श्वासही घेतला नाही. कितीतरी वेळ त्या तशाच बसल्या. पलीकडच्या गल्लीत माग चालू होते. त्यांनी डोळे उघडले तेव्हा किडा पायरीखालच्या फटीत शिरत होता आणि शाल्मलीचे दोन्ही हात मांडीवर होते. तिचे डोळे भरून आले होते.

“आजी, माझं काही चुकलं का?”

“नाही गं बाळा.”

“मग तू मला काही सांगत का नाहीस?”

विजयमालाबाईंनी सूप बाजूला ठेवलं. त्यांना वाटलं, अजून पाच मिनिटं थांबावं. मग त्यांना तिच्या हनुवटीपर्यंत आलेलं पाणी दिसलं.

“इकडे ये,” त्या म्हणाल्या. “डोळे पूस. हां. आता तो कंगवा आण, तुझ्या वेण्या घालू.”

शाल्मलीचा चेहरा मोकळा झाला. ती पळतच आत गेली. वेण्या झाल्यावर बाईंनी तिला कुंड्यांना पाणी घालायला सांगितलं, मग वाळलेले कपडे काढायला, मग त्यांच्या घड्या घालायला, मग शेवंतामावशींना फोन करून खुशाली विचारायला. प्रत्येक काम तिने नीट, मन लावून केलं, आणि ते झालं की येऊन समोर उभी राहिली. संध्याकाळी ऋजुता घ्यायला येईपर्यंत विजयमालाबाई तिला एकामागून एक काम सांगत राहिल्या, आणि सांगताना आवाज होईल तितका मऊ ठेवत राहिल्या.